भाटकारांची परवानगी

गुरुदासबाबांकडे परवानगी मागायला जाऊ नये, हे धारगळात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मदत मागा, करतील. जेवायला बसा, पोटभर वाढतील. पण त्यांच्या कुंपणावरून विजेची तार न्यायची म्हटलं, गणपतीच्या मांडवाचा एक खांब त्यांच्या हद्दीत रोवायचा म्हटलं, अगदी पाहुण्याची गाडी फणसाखाली लावू का विचारलं, तरी आधी येतो तो "कितक्या वेळ?" हा प्रश्न आणि मागोमाग येतो नकार.

त्याला कारण आहे. गुरुदासबाब भाटकार, म्हणजे माड-काजूच्या जमिनीचे मालक. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी एका कामकऱ्याला तोंडी सांगितलं, "बांध रे खोप, पावसाळ्यापुरती." पावसाळा गेला, खोप राहिली. खोपीचं घर झालं, दुसऱ्याच्या भाटात घर करून राहणाऱ्या मुंडकारांचा कायदा आला आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवता झिजवता वडीलही गेले आणि त्या घराखालची जमीनही गेली. कायदा बरोबर होता असं माझं मत आहे, पण ते मी गुरुदासबाबांसमोर बोलत नाही. तेव्हापासून त्या घरात कुणी "हो" म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मी परेश, धारगळातच वाढलेला. पेडण्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मला राग लवकर येतो असं माझी बायको म्हणते, आणि गिऱ्हाइकांना ते आधीच कळलेलं असतं. डिचोलीच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या ऑफिसातून जुने लॅपटॉप विकायला निघाले तेव्हा मी ते उचलले, यंत्र चालवायला त्यांच्यावर लिनक्स टाकलं आणि गावोगावी दिले. जुन्या यंत्रावर लिनक्स बरं चालतं, फुकट असतं आणि उगाच कटकट करत नाही. त्यातला एक गुरुदासबाबांकडे गेला. त्यावर ते सकाळी पेपर वाचतात आणि संध्याकाळी कीर्तनं ऐकतात.

यंदा मे महिन्यात कुणावर तरी ओरडता ओरडता त्यांना भोवळ आली. बहुतेक त्या फणसाखालच्या गाडीवरूनच. म्हापशाच्या दोतोराने तपासलं आणि छातीवर चिकटवायची एक पट्टी दिली. पट्टीच्या मधोमध पेढ्याएवढी डबी. ती आठवडाभर हृदयाचे ठोके टिपून ठेवते. आंघोळीला काढायची, मग नव्या पट्टीवर बसवून परत चिकटवायची. आठवडा झाला की डबी वायरीने कॉम्प्युटरला जोडायची आणि इस्पितळाचं संकेतस्थळ उघडायचं. ब्राऊजर स्वतःच डबीतले ठोके वाचतो आणि तिकडे पाठवतो. म्हापशाला खेप मारायला नको. फक्त कॉम्प्युटर नीट हवा, आणि तो नीट करायला मी.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी स्कूटर काढली. गुरुदासबाब सोप्यावर बनियन-लुंगीवर बसले होते. समोर चहा, चहात बुडवायला उंडो पाव आणि सुरीने कापलेला मानकुराद आंबा.

"काकी नाहीत?" मी विचारलं. शांताकाकी घरात असल्या की हे घर जरा माणसांचं वाटतं.

"म्हापश्याक गेल्या. पुरमेंताक," ते म्हणाले. पुरमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मिरच्या, आमसुलं, सुकं-पाकं. "सकाळच्या बशीन गेल्या. ही डबी टेबलार ठेवन गेल्या. बघ काय ता."

लॅपटॉपवर आधीपासून होता तो ब्राऊजर यूएसबीला हातच लावत नाही. म्हणून मी दुसरा टाकला, इस्पितळाचं पान उघडलं, डबी जोडली आणि "वाचा" या बटणावर टिचकी मारली. पडद्यावर एक चौकट आली. हे संकेतस्थळ एका उपकरणाशी जोडणी मागत आहे, असं ती म्हणत होती. खाली डबीचं नाव आणि दोन बटणं, जोडा आणि रद्द करा.

"ह्या काय?" गुरुदासबाबांनी मान पुढे काढली.

"परवानगी मागतंय, बाब."

बोललो आणि जीभ चावली. पण शब्द सुटला होता. त्यांनी आंब्याची फोड बशीत ठेवली.

"कोण मागता?"

"इस्पितळाची वेबसाईट."

"कोणाकडे मागता?"

"तुमच्याकडे. ही डबी वाचू का म्हणून."

"कितक्या वेळ?"

आता इथे मी खोटं बोलायला हवं होतं. दोन मिनिटं, असं म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण कामाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, त्यामुळेच दुकान चालतं आणि त्यामुळेच माझे दिवस वाया जातात. मी सांगितलं की ब्राऊजर हे लक्षात ठेवतो. एकदा हो म्हटलं की पुढच्या वेळी तीच डबी जोडल्यावर तो पुन्हा विचारत नाही, आपण जाऊन काढून टाकीपर्यंत परवानगी राहते.

"म्हणजे पावसाळ्यापुरती खोप," गुरुदासबाब म्हणाले.

"तसं नाही ओ. फक्त ह्या एका डबीपुरतं आहे. तुमचा प्रिंटर त्याला दिसत नाही, पेनड्राईव्ह दिसत नाही. ज्याच्यावर तुम्ही बोट ठेवाल तेवढंच."

"आज डबी, फाल्या भाट."

अर्धा तास हे चाललं. त्यांनी विचारलं की वेबसाईटचा मालक कोण. मी सांगितलं इस्पितळ. उद्या इस्पितळ कुणाला विकलं तर परवानगी नव्या मालकाकडे जाणार की नाही? मी म्हटलं, पत्ता तोच राहिला तर जाईल. त्यांनी मान हलवली, जणू हेच तर ते केव्हापासून सांगत होते. मग विचारलं, कागद कुठे आहे. मी म्हटलं, कागद नसतो, बटण असतं. कागदाशिवाय हो म्हणायची चूक आपल्या घराण्यात एकदा झाली आहे, असं ते म्हणाले आणि परत आंबा खायला लागले.

माझं डोकं तडकलं. मी वायर काढली, पिशवी उचलली. "बाब, काळीज तुमचं आहे. दोतोराला दाखवायचं नसेल तर भाटात पुरून ठेवा."

हे मी बोलायला नको होतं, पण उपयोग झाला. त्यांनी हात पुसले. "बस रे, तापू नको. लाय ती वायर. पण बटण मी दाबतलंय. दुसऱ्यान दाबल्लो होकार तो होकार न्हय."

त्यांनी चष्मा लावला, चौकट वरून खाली दोनदा वाचली आणि मोठ्या कष्टाने "जोडा" दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. प्रवेश नाकारला.

"कोणी नाकारल्यान?" गुरुदासबाब उठून उभे राहिले.

"लिनक्सने."

त्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर थोपटलं. "ह्यो बरो आसा मरे."

मी त्यांना समजावलं. लिनक्सवर असं एखादं नवं यूएसबी उपकरण जोडलं की ते यंत्राच्या मुख्य मालकाचं धरलं जातं. साधा वापरणारा माणूस त्याच्यात थेट ढवळाढवळ करू शकत नाही, मग त्याच्या वतीने चालणारा ब्राऊजर तरी कसा करेल. तुम्ही ब्राऊजरला हो म्हटलंत, पण यंत्र म्हणतंय की आधी तुम्हाला तरी अधिकार कुठे आहे. तो द्यायचा तर एक ओळीचा नियम लिहावा लागतो. त्यात डबीचे दोन क्रमांक घालायचे, बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा.

"आणि तो नियम सगळ्यांका लागू?"

"आळशी लोक तसाच लिहितात. सगळ्यांना सगळं मोकळं. मी तसा लिहीत नाही. जो माणूस आपल्या नावाने आत शिरून ह्या यंत्रासमोर बसलाय, त्यालाच. तो बाहेर पडला की अधिकार संपला."

"असो कायदो विधानसभेत कोणी कित्याक करूक नाय?" गुरुदासबाबांनी खरोखर गांभीर्याने विचारलं.

नियम लिहायला पासवर्ड लागतो. तो घालताना त्यांनी मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. मी ओळ लिहिली, जपून ठेवली, डबी काढून परत लावली. या वेळी चौकट आलीच नाही. मघाचा होकार ब्राऊजरच्या लक्षात होता.

"बघ, विचारल्यान सुद्धा नाय," ते म्हणाले.

पण निळी पट्टी भरू लागली होती. आठवडाभराचे ठोके वायरीतून वर चालले होते. "पाठवून झाले" असं आलं, तसं त्यांनी ताबडतोब परवानगी काढायला लावली. मी ब्राऊजरच्या आत जाऊन ती पुसली, रिकामी यादी त्यांना दाखवली, तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला. खूश होऊन त्यांनी मला आख्खा एक मानकुराद दिला. धारगळात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आंबा सोलायला घेतला आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. पलीकडून इस्पितळातल्या दिपाली नावाच्या बाई बोलत होत्या. ठोके तपासण्याचं काम त्यांच्याकडे असतं.

"गुरुदास आजोबा कुठे आहेत?"

"समोर आहेत. आंबा खातायत."

"त्यांना उठू देऊ नका. जिन्यावर नको, बाथरूमला नको. आडवं करा आणि पत्ता सांगा, मी गाडी पाठवते. यंत्राने लाल खूण केली म्हणून मी स्वतः उघडून बघितलं. त्यांचं हृदय मध्येच थांबतंय."

"थांबतंय म्हणजे?"

"थांबतंय म्हणजे थांबतंय. ठोका पडतच नाही. मग आपोआप सुरू होतं. आठवड्यात बऱ्याचदा झालंय, आज पहाटेसुद्धा. एखाद्या वेळी सुरू झालं नाही तर?"

माझ्या हातातला आंबा तसाच राहिला. समोर गुरुदासबाब बाठा चोखत होते. चेहरा तुकतुकीत, आवाज खणखणीत, आणि मी नुकतंच त्यांना काळीज भाटात पुरा म्हणालो होतो. मला ओरडायचंही सुचेना. मी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत मागे रेलवलं.

"कित्याक ढकलतस?"

"बाब, हलू नका. तुमचं हृदय थांबतंय. आज पहाटे थांबलं होतं."

"माझा? पाटे मी माडांक पाणी लायत होतंय." ते हसले. आणि हसता हसता थांबले. बाठा त्यांनी बशीत ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "परेश, ता माझा न्हय."

"काय नव्हे?"

"ते ठोके. ती पट्टी माझ्या छातयेर नाय होती. माका खाज येय होती. घराक इलंय तेच दिसा काढलंय. शांतान घातली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"असो काय बघतस?" त्यांचा आवाज चढला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. "माझी एकादस कोण करता? ती करता. माझे सोमवार कोण करता? तीच. देवाक ता चलता. लग्नाची बायल ती, अर्धा आंग. मशिनीक चलाचा नाय असा माका काय म्हायत?"

लहानपणापासून मी हे घरोघरी बघत आलोय. नवऱ्याच्या नावाचे उपास बायकोने करायचे, पुण्य त्याच्या खात्यावर. आमच्या आईने केले, माझी बायकोही करते आणि मीही कधी नको म्हटलेलं नाही. पण नवऱ्याच्या नावाची हृदयाची तपासणी बायकोने करून घ्यायची, हे कुणाच्या डोक्यात आलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. हसावं की या म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारावी ते कळेना. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि हसू, राग, सगळंच गेलं.

"काकी कुठे आहेत म्हणालात?"

ते उत्तर द्यायच्या आधीच मी काकींच्या मोबाइलवर फोन लावला. तो स्वयंपाकघरात वाजला. दिपालीबाई अजून दुसऱ्या फोनवर होत्या. मी त्यांना सांगितलं की पट्टी आजोबांच्या अंगावर नव्हती, त्यांच्या बायकोच्या होती.

"मग त्या कुठे आहेत?"

"म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात."

"एकट्या? ह्या उन्हात?" त्या म्हणाल्या, "गाडी बाजाराकडे धाडते. सापडल्या की आधी मला कळवा, आणि त्यांना चालवू नका."

गुरुदासबाब अनवाणीच स्कूटरवर बसले. घराचं दार उघडं राहिलं. सदरा मी त्यांच्या हातात कोंबला होता, तो वाटेत त्यांनी कसाबसा अंगात घातला. कोलवाळचा पूल येईपर्यंत ते माझ्या कानाशी एकच घोकत होते, ती तशी दणकट आसा, सकाळी चार कळशे पाणी ओढता, तिका काय होवचा नाय. पूल ओलांडल्यावर ते बंद झालं आणि गाऱ्हाणं सुरू झालं. बा देवा म्हाराजा, चूकमाक पोटात घाल. मी स्कूटर पळवत होतो. काकींनी मला लहानपणी किती वेळा जेवायला घातलं असेल याचा हिशेब डोक्यात येत होता आणि मी तो ढकलून देत होतो, कारण डोळे भरले तर गाडी चालवता आली नसती.

मे महिन्यातला शुक्रवारचा बाजार म्हणजे माणसांत माणूस सापडत नाही. मिरच्यांची ओळ तर दोन्ही बाजूंनी लाल, मधून पाऊल टाकायला जागा नाही. गुरुदासबाब प्रत्येक हिरव्या लुगड्याकडे धावत होते. काकी सकाळी हिरवं नेसून गेल्या होत्या की निळं, हे त्यांना आठवत नव्हतं. शेवटी एका मिरचीवालीने ओळखलं.

"धारगळची काकी? मगे हयसरच होती. मिरच्यो घेतल्यान आणि खाली बसली. घामान भिजलेली. मी पाणी दिलंय. म्हणाली, उन्हान झाला, आता बशीन घराक जातंय."

आम्ही बसस्थानकाकडे पळालो. पेडण्याच्या बशी लागतात तिथे शेडखाली शांताकाकी उभ्या होत्या. लुगडं पिवळं होतं. एका हातात मिरच्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने खांब धरलेला. नवऱ्याचे अनवाणी पाय त्यांना आधी दिसले.

"तुमी हय? घराक कोण आसा? दार लावल्यात?"

"शांता, खाली बस," गुरुदासबाब म्हणाले.

"कित्याक? बस येतली आता," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही म्हणणार तोच त्यांची नजर एका जागी थांबली. खांबावरचा हात सुटला. त्या ओरडल्या नाहीत, धडपडल्या नाहीत, नुसत्या खाली आल्या. गुरुदासबाबांनी त्यांना अंगावर झेललं आणि दोघंही जमिनीवर बसले. मिरच्या सगळीकडे सांडल्या. काकींचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्यांचं मनगट धरलं आणि माझ्या बोटांना काहीच लागलं नाही. माणसाच्या मनगटाला हात लावावा आणि आत काहीही नसावं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. परमेश्वर करो आणि पुन्हा कळू नये.

लोक जमले. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. गुरुदासबाब "गो, गो" एवढंच म्हणत होते. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला हाक मारायला त्यांच्याकडे तेवढंच होतं, असं मला वाटलं.

मग बोटाखाली एक ठोका आला. थोड्या वेळाने दुसरा. काकींनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि सगळ्यात आधी पदर सारखा केला.

"पडलंय काय मी?" त्यांनी विचारलं, आणि जमलेल्या लोकांकडे बघून ओशाळल्या.

मी दिपालीबाईंना जागा कळवली, इस्पितळाची गाडी आली. आतल्या माणसाने भराभर प्रश्न विचारले. वय किती, गोळ्या कुठल्या, आधी कधी असं झालं होतं का. गुरुदासबाबांनी प्रत्येक वेळी काकींकडे बघितलं. त्यांच्या स्वतःच्या गोळ्या सुद्धा काकींनाच पाठ असतात. काकींच्या गोळ्या आहेत की नाहीत, हेच त्यांना माहीत नव्हतं.

"सकाळपासून काय खाल्लंय?" तो माणूस म्हणाला.

"काय नाय," काकी म्हणाल्या. "आज ह्यांची एकादस."

त्या वाचल्या. त्याच संध्याकाळी दोतोरांनी त्यांच्या छातीत ठोके देणारं यंत्र बसवलं. ते म्हणाले की असे रुग्ण पुष्कळदा आमच्याकडे येतच नाहीत, घरात नाहीतर विहिरीकाठी पडलेले सापडतात आणि लोक म्हणतात, भाग्यवान, त्रास न होता गेली. हे ऐकून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. गुरुदासबाबांना इस्पितळात फिरून तपासलं. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, ती भोवळ उन्हाची होती.

रविवारी मी बायकोला घेऊन काकींना बघायला गेलो. खाटेभोवती धारगळची चार माणसं होती आणि मधोमध गुरुदासबाब. त्यांचा आवाज परत आला होता. ते सांगत होते की ही देवाची करणी. पट्टी दोतोरान दिल्यान माका, पण देवान माझ्या छातयेर खाज आणल्यान आणि ती पट्टी हिच्याकडे धाडल्यान. मी हिका दिलंय म्हणान ही वाचली. लोक माना डोलावत होते. एकजण तर म्हणाला, भाटकारांचं पुण्य कामी आलं.

माझं रक्त उकळलं. मी तोंड उघडणार तोच बायकोने माझा हात दाबला.

"देवान खयची?" काकी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण खाटेभोवती सगळ्यांना ऐकू गेला. "मीच मागून घेतलंय."

गुरुदासबाबांनी मान वळवली.

"शिमग्यापासून पडत होतंय. रांदपाच्या कुडीत चुलीकडे पडलंय, बायंकडे पाणी ओढतना पडलंय. तुमका सांगलंय, दोन खेपो सांगलंय. तुमी म्हटलास, उपासान पित्त झाला, लिंबाचा पाणी पी." त्यांनी छातीवरच्या टाक्यांवर हलकेच हात ठेवला. "मग ती पट्टी इली. तुमी खाजयत होतास. मी म्हटलंय, हय द्या, मी घालतंय तुमच्या वाटची. रिपोर्ट बरो इलो असतो तर गप ऱ्हवलंय असतंय. वायट इलो असतो तर सांगलंय असतंय."

"पण नाव माझा होता तेच्यार," गुरुदासबाब म्हणाले.

"म्हणान तर घातलंय," काकी म्हणाल्या. "तुमच्या नावान गेला, तर कोणतरी बघतलो."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. बाजारातल्या मिरचीचा भाव सांगावा तसं म्हटलं, आणि माझ्या बायकोकडे वळून विचारलं की बसस्थानकावर सांडलेल्या मिरच्या कुणी उचलल्या का. धारगळची माणसं एकेक करून बाहेर गेली. गुरुदासबाब खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभे होते आणि कुणीही त्यांना बसा म्हणत नव्हतं. मीही म्हटलं नाही. येताना कोलवाळच्या पुलावर स्कूटर हळू करून मी बायकोला विचारलं की तुला कधी चक्कर वगैरे येते का. तिने लगेच उत्तर दिलं नाही.